आधी चेन चढवून दाखवा

मी एक जुनी सायकल आहे आणि खरे सांगायचे तर माझ्यातले सगळे माझे नाही. मित्रांनो, सांगाडा तेवढा माझा. पुढचे चाक एका दूधवाल्याच्या सायकलचे, सीट कुणा शिक्षिकेच्या सायकलची. घंटी कुठून आली ते मलाही ठाऊक नाही. पण ती खणखणीत वाजते, म्हणून मी फार चौकशी करत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी हिरवीगार होते. एका सुताराने मला माझ्या उमेदीच्या वर्षांत वापरले. माझ्या कॅरियरवर फळ्या वाहिल्या, दर रविवारी न चुकता तेल दिले. पुढे त्याचे गुडघे दुखू लागले आणि त्याच्या सुनेने मला सायकलखान्यात आणून सोडले.

हा सायकलखाना साऱ्या वस्तीचा. इथे हत्यारे फुकट, शिकवणे फुकट. पण पाना ज्याचा त्याने फिरवायचा. मागच्या खोलीत माझ्यासारख्या दान आलेल्या सायकली एकमेकींच्या हँडलात अडकून धूळ खात होत्या. एके दिवशी किल्ल्या सांभाळणारे काका म्हणाले, "महिनाअखेरीला भंगारवाल्याचा टेम्पो बोलावलाय. खोली मोकळी झाली पाहिजे."

ते ऐकून मी घाबरले. सायकलला भीती वाटत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खोलीत राहून बघावे.

पण काकांची पुतणी हट्टाला पेटली. तिला सगळे ताई म्हणतात. "काका, या भाड्याने देऊ. ज्यांना विकत घेणं जमत नाही त्यांची सोय होईल."

"लोक मोडून आणतील."

"मोडल्या तर दुरुस्त करू. नाहीतरी इथं आपण दुसरं काय करतो?"

"बरं, टेम्पो येईपर्यंत करून बघ. नाही जमलं तर माझ्यापुढे रडायचं नाही," काका म्हणाले.

ताईने पहिल्यांदा मलाच ओढून काढले, इतर सायकलींचे सुटे भाग लावून जोडले, पुसले. माझ्या पहिल्या गिऱ्हाईक एक नर्सबाई होत्या. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमांच्या पट्ट्या बदलायच्या, हे त्यांचे काम. सकाळी मला घेऊन ऐटीत गेल्या आणि दुपारी मला ढकलत, घामाघूम होऊन परतल्या. चढावर माझी चेन पडली होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"एका आजोबांची पट्टी राहून गेली. नको मला तुमची सायकल," त्या म्हणाल्या.

"अहो, पण चेन चढवली का नाहीत?" ताईने विचारले.

"ती कशी चढवतात, मला काय माहीत?"

सायकलखान्यातली मंडळी बोलता बोलता चेन चढवणारी. ते कुणाला येत नसेल, हे त्यांच्या डोक्यातच आले नव्हते. काका फक्त एवढेच म्हणाले, "मी सांगत होतो."

ताईने माझे मागचे चाक जरा ओढून ढिली चेन ताणली, चढवली आणि मुद्दाम पुन्हा पाडली. "बसा खाली. आता तुम्ही चढवा."

"माझे हात स्वच्छ लागतात हो."

ताईने सीटखालच्या पिशवीत एक फडके आणि साबणाची वडी टाकली. नर्सबाई कुरकुरतच बसल्या. चेन मागच्या दात्यांवर बसवली, पुढे अडकवली, पेडल हळू फिरवले. दोनदा सुटली. मग बसली, आणि त्या स्वतःशीच हसल्या.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली : आधी चेन चढवून दाखवा, मग सायकल न्या. काही जण तोंड वाकडे करून निघून गेले. ताई तसूभरही हलली नाही. शिकायला तयार होते ते शिकले, आणि मागच्या खोलीतली एकेक मैत्रीण उजेडात येऊ लागली. तरी बऱ्याच जणी आतच होत्या.

टेम्पोच्या दिवशी नर्सबाईंना आणि मला परतायला उशीर झाला. पोहोचलो तेव्हा काका भंगारवाल्याला मागची खोली दाखवत होते. ताई दाराशी उभी होती, पण रडत नव्हती.

"वाटेत चेन पडली होती," नर्सबाई म्हणाल्या.

काका गर्रकन वळले. "मग?"

"मग काय? चढवली. सगळ्या पट्ट्या आटोपून आले. उद्या माझी बहीण येणार आहे सायकल न्यायला. तिला मीच शिकवीन."

त्यांच्या कपाळावर वंगणाचा काळा पट्टा उमटला होता. काकांनी तो पाहिला, खिशातला रुमाल काढून त्यांच्या हातात दिला आणि भंगारवाल्याला घेऊन बाहेर गेले. टेम्पो रिकामाच परत गेला.

मित्रांनो, आम्हाला पुसा, तेल द्या, पावसात उभे करू नका. पण त्याआधी एकदा आमच्याशेजारी खाली बसा आणि चेन चढवायला शिका. मी म्हातारी झाले आहे, माझी चेन पुन्हा पडणारच. आता मला त्याची भीती वाटत नाही.