‘डी’ कप्प्यातले स्तोइलकाका

या, जरा जवळ सरका. त्र्यावना गावातल्या एका संध्याकाळची गोष्ट सांगतो; ऐकताना मान खाली गेली तर जाऊ द्या.

ल्युबेनने स्पीकरची वायर उपसून पुन्हा खोचली. मावशीच्या कॉम्प्युटरवर विंडोज रांगायला लागलं होतं, म्हणून सोफिया शहराहून येऊन त्याने आज पेंग्विनचं चिन्ह असलेलं लिनक्स चढवलं. सगळं झकास, फक्त आवाज मुका. दुपारभर खटपट केल्यावर कळलं, की आवाज स्पीकर सोडून पडद्याच्या वायरीतून चालला होता. त्याने तो वळवला आणि स्पीकर खरखरले.

“बोलला का रे तुझा पेंग्विन?” पराश्केवामावशी स्वयंपाकघरातून ओरडली. “का उपासाच्या आधीच गळाठला?”

“बोलला, मावशी!”

वाजवायला काही हवं, म्हणून त्याने स्तोइलकाकांची स्तोत्रं शोधली. काका, म्हणजे मावशीचे यजमान, चर्चमध्ये गायचे. ते गेल्यावर ही रेकॉर्डिंगं तेवढी उरली होती. फोटो, कागदपत्रं त्याने सकाळीच पेनड्राइव्हवर घेतली होती. स्तोत्रं मात्र ‘डी’मध्ये. जपायचं ते इथे सगळे ‘डी’मध्येच ठेवतात, विंडोज कितीदा बदललं तरी ‘डी’ला धक्का लागत नाही. ती वेगळी डिस्क नव्हे, त्याच डिस्कचा दुसरा कप्पा, हे लोकांना समजावण्यात ल्युबेनची उमर गेली होती. आणि सकाळी “संपूर्ण डिस्क पुसायची?” या प्रश्नाला त्यानेच धड न वाचता हो म्हटलं होतं.

हरवलेलं शोधणारा प्रोग्राम चालवला. धड तुकडाही निघाला नाही.

“ये, चीजची बनित्सा निवतेय!”

उद्यापासून चर्चचा कित्येक आठवड्यांचा मोठा उपास. आज धाकट्यांनी थोरांच्या हातावर ओठ टेकून क्षमा मागायची. ल्युबेन वाकला.

“मावशी, मला क्षमा कर.”

“देव करो. मी केली,” हलव्याचा तुकडा मोडता मोडता ती सवयीने म्हणाली.

त्याला मान वर करवेना. तिचा हातही सोडवेना.

“आता लाव तुझ्या काकांना. आजच्या दिवशी त्यांचं ऐकल्याशिवाय मी घास घेत नाही.”

“ते पुसले गेले, मावशी. माझ्या हातून. सगळेच.” तो टेबलाशी बोलत होता. “मघाशी त्याचीच क्षमा मागितली. चुकीचं नाव घ्यायची छाती झाली नाही.”

मावशीने हात सोडवून घेतला. स्पीकरकडे पाहिलं. एप्रनला हात पुसले. ते कोरडेच होते.

“दिलेली क्षमा परत कशी घेऊ?” ती म्हणाली. हसली मात्र नाही. “लहानपणी त्यांच्या शेजारी उभा राहून गायचास ना? म्हण.”

त्याने सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला गळा फाटला.

“खालून घे,” डोळे मिटून ती म्हणाली. “ते खालून घ्यायचे.”

त्याने खालून घेतलं.

तर बाबांनो, आज दिव्यापुढे हात जोडाल तेव्हा एक नाव आठवा. स्तोइल, त्र्यावनाचे. सूर खालून घ्यायचे.