आवाज माझ्यापाशी आहे

टोपण हरवलेला, कडेने झिजलेला, अंगठ्याएवढा असा मी एक जुना निळा पेन ड्राइव्ह आहे. मित्रांनो, सध्या माझे दिवस बरे नाहीत. मला टीव्हीखालच्या प्लेअरला लावलं की पडद्यावर एकच प्रश्न येतो, ‘हा ड्राइव्ह वाचता येत नाही. यातलं सगळं पुसून टाकायचं का? हो / नाही.’ माझ्या जिवाचा निकाल असा चारचौघांदेखत विचारला जातो आणि माझं मत कोणी घेत नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तेव्हा मी रिकामा होतो, त्यामुळे तिथलं सांगण्यासारखं काही नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते पॅसिफिक महासागरातल्या टोंगा देशाच्या वावाऊ बेटावर. बंदराजवळच्या दुकानात बिस्किटांच्या पुड्यांशेजारी मी लटकत होतो, तिथून फेलेतींनी मला घरी आणलं. फेलेती म्हणजे आमच्या गावच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांचे प्रमुख. गावात इंटरनेट असून नसल्यासारखं. त्यामुळे चित्रपट, गाणी, रग्बीचे सामने, सगळं आमच्यासारख्यांच्या पोटातून या घरातून त्या घरात जायचं. शेजारीण दारातूनच म्हणायची, “तुमचा तो निळा द्या हो जरा. आमचा प्लेअर दुसऱ्या कुणाला दादच देत नाही.” खोटं कशाला सांगू, मी चांगलाच शेफारलो होतो.

एकदा ऑकलंडहून आलेल्या त्यांच्या भाच्याने गाणाऱ्यांची तालीम फोनवर टिपली आणि माझ्यात ठेवली. गाणं सुरेखच होतं, पण मध्येच फेलेती टाळी वाजवून सगळ्यांना थांबवायचे. “अरे जाड आवाजवाल्यांनो, डुक्कर खाऊन आलात की काय? पुन्हा! पहिल्यापासून!” मग हशा पिकायचा आणि गाणं परत सुरू व्हायचं. पुढे भाच्याचा फोन बोटीतून समुद्रात पडला. ती तालीम जगात फक्त माझ्यापाशी उरली. त्यानंतर फेलेती आजारी पडले आणि गेले.

त्यांची बायको लुसेआने हिने दुखवट्याचे काळे कपडे घातले. संध्याकाळची प्रार्थना झाली की ती मला प्लेअरला लावून बसायची. गाणं तिला तोंडपाठ होतं. ती वाट पाहायची त्या ओरडण्याची. ते आलं की आधी हसायची, मग डोळे पुसायची. त्या वेळी मला फार धन्य वाटायचं.

घरात दोन मोठी मुलं, सेमिसी आणि त्याची धाकटी बहीण कालोलाइने. बहीण-भावाने एका खोलीत बसून चित्रपट पाहायचा नाही ही आमच्याकडची रीत. पडद्यावर प्रेमाबिमाचं काही चाललेलं असताना दोघं समोरासमोर आली तर दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं होतं. म्हणून सेमिसी मागच्या झोपडीत राहायचा आणि घरात शिरण्याआधी अंगणातूनच मोठ्याने खोकायचा. खोकला ऐकला की कालोलाइने चित्रपट थांबवायची, मला नीट काढून ठेवायची आणि आत जायची. लुसेआने हसून म्हणायची, “सेमिसी, जरा हळू खोक रे. लोकांना वाटेल पोराला छातीचं काहीतरी झालंय.”

एका दुपारी सेमिसी मळ्यातून आला तो कंदांचं भलंमोठं पोतं पाठीवर घेऊन. वडिलांच्या दुखवट्याचं वर्ष सरत आलं होतं. काळे कपडे उतरवायच्या दिवशी पाहुण्यांना जेवू घालायचं, म्हणून तो राबत होता. उन्हाने आणि ओझ्याने त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. तो खोकायचं विसरला.

घरात कालोलाइने माझ्यातलाच एक चित्रपट पाहत होती. नायक-नायिका नको तितके जवळ आले होते. दारात भावाचे पाय दिसले तशी ती दचकली. रिमोट हाताला लागेना. तिने सरळ मला धरलं आणि उपटलं.

नेमका त्याच क्षणी प्लेअर माझ्यात खूण करत होता, चित्रपट कुठवर पाहिला त्याची. ते लिहिणं अर्धवट राहिलं. मला दुखलं नाही. फक्त कुठे काय ठेवलंय ते सांगणारी आतली वाट मोडली.

संध्याकाळी लुसेआनेने मला लावलं आणि तो प्रश्न पहिल्यांदा आला. तिने मला काढून पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

“कोणी काय केलं याला?”

सेमिसी दारातच उभा होता. खाली बघत म्हणाला, “आई, चूक माझी आहे. मी खोकलो नाही.”

आतल्या खोलीतून रडका आवाज आला, “आई, ओढला मी. त्याला काही बोलू नकोस.”

दोघंही आईशीच बोलत होती. आई रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती पडद्याकडे बघत बसली, आणि माझा मला इतका राग आला की काय सांगू!

काळे कपडे उतरवायचा दिवस उजाडला. फेलेतींची थोरली बहीण फुसी आली. बापाची बहीण म्हणजे आमच्याकडे घरातला शेवटचा शब्द. तिच्यापुढे कोणी ‘पण’ म्हणत नाही. ओसरीवर चटया अंथरल्या होत्या, मागे भट्टीत डुक्कर भाजत होतं. काळे कपडे उतरतील तेव्हा घरात फेलेतींचा आवाज असावा, एवढंच लुसेआनेच्या मनात होतं. वेड्या आशेने तिने मला परत लावलं. प्रश्न आला.

“हे काय?” फुसी म्हणाली. “बिघडलंय ना? मग ‘हो’ दाब आणि मोकळी हो. रिकाम्यात नवी गाणी भरता येतील. सेमिसी, बघतोस काय? दाब.”

सेमिसीच्या हातात रिमोट होता. आत्याला नाही म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती. पडद्यावरची चौकट ‘हो’वर सरकली. मित्रांनो, मी थिजून गेलो.

“वन्सं, नको!” लुसेआने म्हणाली. तिच्याकडून असं बोलणं कोणी कधी ऐकलं नव्हतं. “ह्यांचा आवाज आहे त्यात.”

“ऐकू येतो?”

“नाही.”

“मग कसला आवाज, अगं?”

“ओरडतात ते. पुन्हा, पहिल्यापासून, असं.”

फुसी जड अंगाने चटईवर बसली. “तरुणपणी तो त्या मागच्या झोपडीतच गायचा,” ती म्हणाली. “मी इथे चटई विणत ऐकायचे. मी बहीण, तिकडे पाऊल टाकायची सोय नव्हती मला. कधी कधी तासन्‌तास त्याचा आवाजच यायचा नाही. पण आत आहे एवढं ठाऊक असलं की माझे हात चालायचे.” तिने तळव्यानेच तोंड पुसलं. “‘नाही’ दाब, सेमिसी. आणि आधी बंद कर, मग काढ.”

काळे कपडे उतरले, पण आवाजाविना. आता मी एका पत्र्याच्या डबीत असतो. भाचा निरोप पाठवतो, “मामी, इकडे धाडून द्या, न पुसता उघडणारे लोक असतात.” लुसेआनेला माझ्यावरचा हात सोडवत नाही. त्या फोनसारखा मीही समुद्रात गेलो तर?

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. आमच्यापैकी कोणाला प्लेअरमधून काढताना क्षणभर दम धरा. आणि जे माणूस परत बोलणार नाही त्याचा आवाज एकाच ठिकाणी ठेवू नका. एवढा भार आम्हाला पेलत नाही.

कधी कधी लुसेआने डबी उघडते आणि मला कानाशी धरते. मी जीव एकवटतो. माझ्यात सगळं आहे, शब्दन्‌शब्द, टाळीसुद्धा. पण मला तोंड नाही. ती थोडा वेळ वाट पाहते आणि मला परत ठेवते.