झाडांच्या जखमांची राळ

चैत्राचं ऊन त्या दुपारी शिवारावर तुटून पडलं होतं. ज्वालारक्त, निर्दय, निर्निमेष ऊन. काळी भुई तडकली होती, आणि शेजारच्या खळ्यात बायका सूर्यफुलाची वाळली बोंडं काठ्यांनी बडवत होत्या. धपाधप, धपाधप. प्रत्येक घावाला बी उडत होतं.

त्या घावांच्या तालावर ओसरीत एक गळा श्वास घेत होता. द्वारकेचा गळा. शिमग्याच्या संध्याकाळी त्याच्यावर विळा फिरला होता, रक्ताचे पाट वाहिले होते, आणि शस्त्रक्रियेच्या शुभ्र, निष्ठुर प्रकाशात डॉक्टरांनी श्वासासाठी घावाखाली एक वाट कापून नळी बसवली होती. नळी आता निघाली होती. वाट मात्र अजून पुरती बुजली नव्हती; श्वास तिथूनच निसटे आणि आवाज फुटत नसे.

सासू, केराबाई, रोज ती जखम पुसून मलम लावी. मधाहून काळपट, उग्र, कडूगंधी मलम. झाडांच्या जखमांतून जी राळ झिरपते, ती मधमाश्या गोळा करतात आणि आपल्या घराच्या भेगा लिंपतात. हे मलम त्याच राळेचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चिघळलेल्या कडा गुलाबी होत होत्या. भोक लहान होत होतं.

आणि केराबाईचं काळीज फाटत होतं. भोक बुजलं की द्वारका बोलणार होती. चोर आला होता, असं तिचा नवरा भानुदास गावभर सांगत सुटला होता. पण विळा त्याच्याच हातात होता, हे या घरातल्या तिघांना ठाऊक होतं. भानुदास केराबाईचा एकुलता एक लेक.

तो उंबऱ्यात येऊन उभा राहिला. डोळे तांबारलेले, आवाज दबका.

"आये, त्ये औषिद बंद कर. ही बोलली की मी गेलो."

"ती बी कुनाची तरी लेक हाय, भान्या."

"आन् मी?"

हातातल्या मलमातून राळेचा वास केराबाईच्या नाकात भरला. हाच वास लहानग्या भानुदासच्या हातांना यायचा. मधमाश्यांच्या पेट्या खरवडून तो धावत येई आणि चिकट बोटांनी तिचा पदर धरी. तेव्हा किती गोड होता तो.

केराबाईचा अंगठा मलमात बुडाला. अंगठा गळ्याशी आला. आणि अंगठा तिथंच थांबला. त्या एवढ्याशा भोकातून द्वारकेचा प्राण ये-जा करत होता, उष्ण, ओला, असहाय. केराबाईनं डोळे मिटले आणि अंगठा दाबला.

कोंडलेला श्वास उसळला. त्यानं अंगठ्याला धडक दिली, मांसाला धडक दिली, आणि वाट मिळेना तेव्हा तो वर चढला. फाटल्या कंठातून, सुजल्या स्वरतंतूंतून, चढता चढता त्याचा आवाज झाला.

"आत्याबाई, दुखतंय."

द्वारकेच्या डोळ्यांत संशय नव्हता. सासू मलमच लावते आहे, असं तिला वाटत होतं. केराबाईला स्वतःच्या हाताची शिसारी आली.

आवाज ऐकताच भानुदास पिसाळून झेपावला. केराबाईनं डाव्या हातानं पितळी तांब्या उचलला आणि पोटच्या पोराच्या कपाळावर घातला. रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली. तो उंबऱ्यात कोसळला. शेजारच्या काठ्या थांबल्या, आणि बायका काठ्यांसकट ओसरीपाशी धावत आल्या.

अंगठा तिनं काढला नाही. फक्त हलका केला.

"सांग पोरी, कुनी मारलं. समद्यांच्या देखत सांग."

उखाण्यापलीकडे द्वारकेनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. तिनं उंबऱ्यात पडलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग तिनं नाकानं छाती भरून वारा घेतला.

"भानुदास."

पोटात वागवलेल्या, कडेवर मिरवलेल्या, हजारदा हाक मारलेल्या लेकाचं नाव केराबाईच्या अंगठ्याखाली थरथरलं, थरथरत वर चढलं, आणि भर उन्हात उघडं पडलं.