पुलाचं श्रेय

त्रिविक्रम राव दोनदा आमदार आणि एकदा खासदार होते. आता त्यांना शहात्तरावं लागलं होतं. पक्षाच्या स्मरणिकेसाठी त्यांची कारकीर्द लिहून घ्यायला कार्यकर्ता शशांक त्यांच्या मेलकावेरी गावातल्या घरी आला आणि त्याने पहिलाच विषय तिरुविसनल्लूरजवळच्या पुलाचा काढला.

"तो पूल माझा नव्हे," राव म्हणाले. "माझ्या आधीचे आमदार बदरीनाथ चार वर्षं खेटे घालत होते. त्यांनी तो बांधून घेतला. मी त्यांना निवडणुकीत पाडलं आणि पुढच्या महिन्यात फीत कापली. दिल्लीला गेलो तोही त्याच पुलाच्या जोरावर."

शशांकने पेन खाली ठेवलं. "साहेब, ते विरोधी पक्षाचे. त्यात आता हयातही नाहीत. कोणाला कळणार आहे?"

"त्यांच्या बायकोला ठाऊक आहे. सांगतो तसं लिही, नाहीतर माझं पान गाळ."

पक्षाने पान गाळलं. मग रावांनी तोच मजकूर स्वतःच्या हाताने लिहिला आणि बसने तिरुविडैमरुदूरला जाऊन बदरीनाथांच्या पत्नी वरलक्ष्मी यांना दिला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला.

"ते असताना का नाही सांगितलंत?"

"तेव्हा मला पुन्हा निवडून यायचं होतं."

वरलक्ष्मींनी कागद परत केला. "मला हे पहिल्यापासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

रावांनी तो कागद वर्तमानपत्राकडे पाठवला. आठवड्याने वाचकांच्या पत्रांत तो छापून आला. त्यानंतर पक्षाचं कोणी घरी फिरकलं नाही, आणि रावांनाही त्याचं फारसं काही वाटलं नाही.