वजनकाट्यावरचं माहेरपण

जयमालाला माहेरी येऊन चार दिवस झाले होते आणि चार दिवसांत तिला कुणी एकदाही विचारलं नव्हतं, की बाई, तुला भूक आहे का? ताट भरून पुढं यायचं आणि ते रिकामं करूनच उठायचं, हा त्या घरचा कायदा. नको म्हटलं की वहिनी पोळीवर आणखी तूप सोडायची. याला पाहुणचार म्हणायचं की दांडगाई, हेच जयमालाला कळेनासं झालं होतं.

बरं, तिनं काही लपवून ठेवलं होतं असंही नाही. फलटणहून आली त्याच संध्याकाळी, चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत तिनं थोरल्या भावाला, आबाजीला, सगळं सांगितलं होतं. पोटाला हर्निया झालाय. ऑपरेशन करायचंय. वजन पंच्याऐंशीच्या खाली आल्याशिवाय डॉक्टरीणबाई हात लावणार नाहीत. मागं एकदा तारीख मिळाली होती, पण मध्येच दिराच्या मुलाचं लग्न निघालं, आग्रहाला बळी पडून ती खात सुटली आणि बाईंनी काट्यावर उभी करून तिला घरी परत पाठवलं. त्यानंतर तीन महिने तोंड बांधून, शिलाईच्या दुकानातून रोज पायी घरी जाऊन ती शहाऐंशीवर आली होती; उरलेलं किलोभर या आठवड्यात उतरवायचं होतं. आता सुट्टी संपवून घरी गेली की दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन. "पुढच्या सोमवारी, दादा," असं तिनं अगदी बोट नाचवून सांगितलं होतं.

"व्हईल की," आबाजी म्हणाला होता. "चार घासांनी काय व्हतंय? इंद्रायणे, भजी आण गं."

जयमाला उगाच भीत नव्हती. त्यांची आई खोकताना, हसताना एक हात पोटावर दाबून धरायची. पोरांना वाटायचं, ही तिची लकबच आहे. घरभराच्या भाकरी थापून झाल्या की ती पदर पोटाशी कसायची आणि पुन्हा कामाला लागायची. एका दुपारी आतडं अडकलं, आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हे आबाजीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. तरी भजी! जयमालाला संतापानं रडू यायचंच बाकी होतं.

वहिनीची तऱ्हा आणखी वेगळी. "वन्सं, म्हायेरी आलेली लेक वाळून गेली तर गाव काय म्हणंल? भावजयीनं उपाशी ठेवली म्हणंल." म्हणजे पोट जयमालाचं आणि अब्रू इंद्रायणीची! पालथ्या घड्यावर पाणी ओतून जयमाला दमली.

पाचव्या दिवशी तिनं डोकं लढवलं. सकाळीच जाहीर करून टाकलं, की आज माझा उपवास. हा शब्द मात्र लागू पडला. वहिनीनं देवाला हात जोडले आणि पोह्यांची बशी मुकाट्यानं मागं नेली. डॉक्टरचं नाव काढलं तर हसणारी माणसं देवाचं नाव निघताच गपगार! सुटले बाई, असं जयमाला मनात म्हणाली. दुपारी ताट आलं. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, तुपातली रताळी आणि वर वाटीभर श्रीखंड. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ती हीच. "उपासाला आधार लागतो," म्हणत वहिनी शेजारी ठाण मांडून बसली. जयमाला चार घास खाऊन उठली, तर वहिनीनं डोळ्यांना पदर लावला. आता रडायचं कुणी, सांगा!

त्या संध्याकाळी आबाजीनं तर कहरच केला. मोशीच्या पुढं, हायवेला लागून त्याच्या वाटणीची जमीन होती. तिथं आता ऊस नव्हता, ट्रकचा वजनकाटा होता. चाकणच्या कारखान्यांतून निघालेलं भंगार, पत्रा, सळया, सगळं आधी आबाजीच्या काट्यावर चढायचं. जयमाला चालत त्या बाजूला गेली तेव्हा तो खिडकीतून ओरडला, "जयू, तितं मधी हुबी ऱ्हा जरा, फोटू काढतो." ती भाबडी, पदर सावरून लोखंडी पत्र्यावर उभी राहिली. आत यंत्र कुरकुरलं आणि पावती बाहेर आली. वजन नव्वद किलो. टनांना सरावलेला, दहा-दहा किलोंच्या टप्प्यानं बोलणारा तो काटा, त्याला शहाऐंशी काय कळणार? आबाजीनं पावतीचा आणि तिचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'माल भरणे चालू आहे.'

सकाळी तिनं फोन उघडला तर हसऱ्या तोंडांची रांग लागलेली. फोटो फलटणला तिच्या लेकीपर्यंत पोचला होता. जयमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा तसाच टाकून ती तरातरा काट्यावर निघाली.

तिथं आधीच एक भांडण पेटलं होतं. काट्यावर भंगारानं भरलेला ट्रक उभा होता आणि त्याचा क्लीनर केबिनमध्ये खुशाल झोपला होता. त्याला उतरवल्याशिवाय आबाजी वजन घ्यायला तयार नव्हता.

"जाने दो ना शेठ," ड्रायव्हर म्हणाला. "पचास-साठ किलो से क्या होता है?"

"क्या होता है?" आबाजी खुर्चीतून उठलाच. "काटा मतलब काटा! दस किलो भी इधर का उधर नहीं चलेगा. उतार उसको!"

क्लीनर डोळे चोळत खाली उतरला. आबाजी विजयी मुद्रेनं वळला, तर खिडकीत बहीण. वाटेत तिनं बोलायचं बरंच काही जुळवून आणलं होतं, ते सगळं ती विसरली.

"त्या भंगाराला तुझ्याकडं मान हाय, दादा. मला न्हाई."

"आता काय झालं?"

"चार घासांनी काय व्हतंय म्हणून तू रोज हसतोस. त्या डायवरनं तेच म्हटलं, तर त्याच्या अंगावर गेलास. भंगाराचं वजन ते वजन, आन माझं वजन म्हंजे चेष्टा? माझी डॉक्टरीणबी काटाच बघणार हाय. तिला काय सांगू? भावजयीनं लई आग्रह केला, एवढं चालवून घ्या म्हणू?"

मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला, तरी आबाजी समोरच्या आकड्याकडं बघत बसला.

"तो फोटू काढून टाक," म्हणून जयमाला माघारी फिरली.

संध्याकाळी ताटं मांडली तेव्हा आबाजी बायकोला म्हणाला, "आधी तिला इचार, काय पायजे."

इंद्रायणीचा हात भातावरच थांबला. असलं काही त्या घरात कुणी कुणाला विचारत नसे. "काय घ्याल, वन्सं?" तिनं अवघडून विचारलं.

जयमालाला बरं वाटलं, आणि एवढ्याशा प्रश्नासाठी सहा दिवस भांडावं लागलं म्हणून रागही आला. "अर्धी भाकरी," ती म्हणाली, "आन गवारीची भाजी."

अर्धी भाकरी ताटात पडली. उरलेली अर्धी वहिनीच्या हातात होती, आणि तो हात सवयीनं पुन्हा ताटाकडं निघालाच.

"काटा म्हंजे काटा!" आबाजी गरजला. त्यानं ती भाकरी हिसकावली आणि जवळजवळ सगळीच तोंडात कोंबली. गाल फुगवून बसलेला तो पन्नाशीचा गडी बघून जयमालाला हसू फुटलं. माहेरी आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. हसता हसता तिचा एक हात आपोआप पोटावर गेला आणि तिथं घट्ट दाबून राहिला.

आबाजीचं चावणं थांबलं. तो त्या हाताकडं बघत राहिला. घास कसाबसा गिळून त्यानं हळू आवाजात विचारलं, "कदीची म्हणालीस तारीख?"

"परवाची." जयमालाचं हसू गेलं होतं. "आल्या दिवशीच सांगितलं व्हतं, दादा. तू भजी मागवलीस."