स्टंपांमागची जागा

क्लबच्या सेक्रेटरींनी टेप उलटी धरली होती. मास्तरांच्या छातीभोवती ती गुंडाळून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मान तिरकी केली आणि जाहीर केलं,

"एकशे चार."

"ती सेंटिमीटरची बाजू आहे," मास्तर म्हणाले. "आणि माझा श्वास सोडा आधी."

सेक्रेटरींनी टेप सोडवून गुंडाळली. गावातल्या निम्म्या लोकांचे कपडे मास्तर शिवत. त्यामुळे कुणाचं पोट कधी सुटलं आणि कुणी डाएट फक्त जाहीर केलं, हे त्यांना घरच्यांच्या आधी कळे. पण शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही. ते आजवर एकच माणूस घेत आला होता, आणि टेप पकडताना "पोट आत घेऊ नका, कळतं मला" असं बजावत होता. गेल्या हिवाळ्यात मास्तरांच्या पत्नी, सगळ्या गावाच्या काकू, गेल्या. तेव्हापासून मास्तरांनी स्वतःसाठी काही शिवलं नव्हतं.

"पण कोट कशाला मला?" मास्तरांनी विचारलं.

सेक्रेटरींनी काउंटरवरचं पुडकं सोडलं. आत जाड, पांढरंशुभ्र ड्रिलचं कापड होतं.

"पंचांचा कोट. कमिटीने एकमताने ठरवलंय. यंदा वार्षिक संमेलनाचे मानाचे पंच तुम्ही."

"आणि कीपिंग कोण करणार?"

सेक्रेटरी टेप गुंडाळू लागले. ती आधीच गुंडाळलेली होती.

गावच्या क्रिकेट क्लबला क्रिकेटचा तसा फारसा लळा नव्हता. शेजारच्या गावांशी सामने होत आणि ते हरले जात. त्यात काही वाद नव्हता. क्लबचा खरा जीव होता त्याच्या कार्यक्रमांत. चहापान, लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, बक्षीस समारंभ आणि बक्षीस न मिळालेल्यांसाठी उत्तेजनार्थ समारंभ. या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे वार्षिक संमेलनातला सामना, संसारी विरुद्ध सडे. लग्न झालेले एका बाजूला, न झालेले दुसऱ्या बाजूला. ज्याचं वर्षभरात लग्न ठरे, तो टाळ्यांच्या गजरात मैदान ओलांडून पलीकडे जाई. क्लबला एवढी एकच सीमारेषा नीट आखता येत होती.

संसाऱ्यांचे कीपर कायम मास्तर. त्यांच्या पाठीमागे, बरोबर स्टंपांच्या रेषेत, मैदानाच्या टोकाला घडीची खुर्ची टाकून काकू बसत. मास्तरांना खालचा चेंडू जमत नसे. तो पायांमधून सुटून थेट काकूंच्या खुर्चीशी जाऊन थांबे. काकू तो चपलेने अडवत आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत,

"अहो, वाका!"

मास्तर कमरेवर हात ठेवून मागे वळत. "वाकलोच होतो!"

"कुठे वाकलात!"

एवढं झाल्याशिवाय पुढचा चेंडू पडत नसे. बाहेरगावचे संघसुद्धा थांबत.

"अडचण अशी आहे मास्तर," सेक्रेटरी आता कापडाशी बोलत होते, "की क्लबच्या घटनेत संसारी आहे आणि सडा आहे. मधली... म्हणजे आपल्यासारख्या ज्येष्ठ सभासदाची तरतूद नाही. कमिटीत चर्चा झाली. कुणालाच तुम्हाला दुखवायचं नाही. आम्ही तर दोन मिनिटं स्तब्धतेचा ठरावही मागे घेतला."

"का?"

"तुम्हाला आठवण येईल म्हणून."

मास्तरांनी सेक्रेटरींकडे नीट पाहिलं. पोस्टातून निवृत्त झालेला हा माणूस शब्दन् शब्द मनापासून बोलत होता. अशा माणसावर रागावायचीही पंचाईत.

"ठेवा कापड," मास्तर म्हणाले. "बघतो काय होतं त्याचं."

•

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला आपली पांढरी पँट घेऊन आला. तो सड्यांचा कॅप्टन होता. सडे म्हटलं की सडपातळ असं लोक धरून चालत, पण बेकरीवाल्याने तो समज एकट्याच्या बळावर मोडून काढला होता.

"कमर थोडी सैल करा मास्तर. बोटभर."

मास्तरांनी पँट उलटी करून शिवण पाहिली. "आत दाबलेलं कापड संपलं. मागच्या वर्षीच सांगितलं होतं तुला. आता एक तर जोड लावावा लागेल, नाही तर लग्न करावं लागेल."

"लग्नाने कमर कमी होते?"

"नाही. पण पँट नवीन मिळते."

आतल्या खोलीत मास्तरांची मुलगी हसली आणि लगेच गप्प झाली. ती तालुक्याला बँकेत होती, पण हल्ली दर शनिवारी घरी येई. आली की घर आवरी. आवरणं म्हणजे आईची एकेक वस्तू बाबांच्या नजरेआड नेणं. चष्मा कपाटात गेला. चप्पल माळ्यावर गेली. घडीची खुर्ची इस्त्रीच्या टेबलामागे उभी करून तिच्यावर जुनी चादर टाकलेली होती. चादरीखाली खुर्ची आहे हे मास्तरांना दिसत होतं, आणि त्यांना ते दिसतं हे मुलीला दिसत होतं. दोघं त्या कोपऱ्याला वळसा घालून जात.

बेकरीवाल्याने घसा साफ केला.

"मास्तर, एक विचारू? आमच्याकडे कीपर नाही. तुम्ही आमच्यात या ना. म्हणजे, आता तसं..." पुढचं वाक्य आपल्याला कुठे नेतंय हे त्याच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा भट्टीसमोर उभा असल्यासारखा लाल झाला. "म्हणजे, नियमात बसतं."

आतली भांड्यांची हालचाल थांबली.

मास्तरांनी सुईत दोरा ओवला. पहिल्यांदा जमला नाही, दुसऱ्यांदा जमला.

"तुमच्यात आलो तर ही म्हणेल, बघा, लगेच निघाले."

काकू गेल्यापासून त्या घरात कुणी 'ही' म्हटलं नव्हतं. बेकरीवाल्याला काय करावं सुचेना, म्हणून त्याने मोठ्याने "बरोबर, बरोबर" म्हटलं आणि पँट कधी मिळेल ते न विचारताच निघून गेला.

मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, यंदा नका जाऊ संमेलनाला. मी रजा टाकते. आपण कुठेतरी जाऊन येऊ."

"कुठे?"

तिने दारावरचा पडदा उगाच सारखा केला.

"अख्खं गाव माझ्यासमोर चवड्यांवर चालतंय," मास्तर म्हणाले. "बोलता बोलता मी आलो की विषय बदलतात. हिचं नाव तर कुणी घेतच नाही. आता खेळायलाही नको म्हणताहेत. कोट घालायचा आणि बाजूला उभं राहायचं. सगळे इतके चांगले वागताहेत गं, की ही कधी होती की नव्हती असं वाटायला लागलंय."

मास्तर उठले, इस्त्रीच्या टेबलामागे गेले आणि त्यांनी चादर ओढली. खुर्चीचं कापड मधोमध फाटलेलं होतं. त्यांनी खुर्ची उजेडात आणली, फाटलेली बैठक उसवून काढली आणि मशीनवर पसरून टेपने मापली. मग सेक्रेटरींचं पुडकं उघडलं.

"बाबा, तो कोट आहे."

"होता," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खडूने रेघ मारली.

मुलीने कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं.

•

संमेलनाच्या दिवशी लिंबू-चमच्यात सेक्रेटरींच्या पत्नीने सलग कितव्यांदा तरी पहिलं बक्षीस मिळवलं आणि लिंबू चमच्याला चिकटवल्याचा आरोप सालाबादप्रमाणे झाला. संगीत खुर्ची झाली. मग मैदानावर नाणेफेक झाली. संसाऱ्यांची फिल्डिंग आली.

तेवढ्यात मास्तर आले. अंगात कोट नव्हता. पायाला पॅड होते, हातात ग्लव्हज. मागून मुलगी खुर्ची घेऊन येत होती.

लोक बोलायचे थांबले. मास्तरांनी खुर्ची घेतली, मैदानाच्या टोकाला स्टंपांच्या रेषेत नेऊन उघडली, हलते का ते दाबून पाहिलं आणि परत येऊन स्टंपांमागे उभे राहिले.

सेक्रेटरी लगबगीने मैदानात शिरले. "मास्तर, कोट?"

"तो काय," मास्तरांनी खुर्चीकडे मान वळवली. "बसायला उत्तम झालाय."

"पण मग तुम्ही कुठल्या बाजूने?"

"दोन्ही. तुमची फिल्डिंग असेल तेव्हा इथे, त्यांची असेल तेव्हाही इथेच. तुम्हाला निःपक्षपाती माणूस हवा होता ना? मी दोघांचेही चेंडू सारखेच सोडतो."

सेक्रेटरींनी बेकरीवाल्याकडे पाहिलं. बेकरीवाला जोड लावलेल्या जुन्याच पँटच्या कमरेला धरून उभा होता. तो म्हणाला, "आमची हरकत नाही. आम्हाला कीपर मिळतोय."

"घटनेत..." सेक्रेटरी म्हणाले आणि थांबले. घटना त्यांनीच लिहिली होती. "पाहू. पुढच्या सभेत दुरुस्ती मांडू."

सामना सुरू झाला. गोलंदाज नवा होता, म्हणजे नवीन संसारी. गेल्या वर्षीपर्यंत पलीकडून टाकत होता. पहिले काही चेंडू इकडेतिकडे गेले. मग एक खाली राहिला. बेकरीवाल्याची बॅट वरून फिरली, मास्तरांचे ग्लव्हज वरच राहिले आणि चेंडू त्यांच्या पायांमधून निघून गवतातून घरंगळत गेला. थेट पांढऱ्या खुर्चीशी जाऊन थांबला.

मैदानावर शांतता पसरली. भली, सभ्य शांतता. कुणी हसलं नाही. कुणीतरी तर हलकेच टाळ्या वाजवल्या आणि म्हणालं, "छान प्रयत्न, मास्तर."

मास्तर वळले. खुर्ची रिकामी होती. सगळे तिच्यापासून बेताच्या अंतरावर, पुतळ्यासमोर उभं राहावं तसे उभे होते. मास्तरांनी कमरेवर हात ठेवले.

"छान प्रयत्न कसला! पायातून गेला!" त्यांचा आवाज किंचित चिरकला. "आणि कुणी बसा की तिथे. नवं कापड घातलंय. पण बसेल त्याने ओरडायचं. फुकट बसायचं नाही."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कमिटीने या प्रसंगाचा विचार केलेला नव्हता. शेवटी सेक्रेटरींच्या पत्नीने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"जा. कोटाचा ठराव तुमचाच होता ना."

सेक्रेटरी जाऊन खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. तिकीट नसलेला माणूस बसतो तसे. पुढचा चेंडूही खालीच राहिला. सेक्रेटरी अर्धवट उठले आणि म्हणाले,

"मास्तर, कृपया वाका!"

चेंडू पायातून गेला. यावेळी मात्र गावाला हसू आवरेना. आधी बेकरीवाला, मग स्लिपमधले डॉक्टर, मग चहाच्या टेबलामागच्या बायका. एक बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "काकूंनी हे 'कृपया' ऐकलं असतं ना, तर!" आणि दुसरी म्हणाली, "मागच्या वर्षी आठवतंय? पंचांनाच वाकायला सांगितलं होतं!" मग तिसरीला काहीतरी आठवलं. वर्षभर दडपून ठेवलेलं सगळं चहाच्या टेबलापाशी एकदम बोललं जाऊ लागलं.

मास्तर ऐकत होते. बॉल परत आला होता, गोलंदाज थांबला होता, पण ते पुढचा चेंडू टाका म्हणून खूण करत नव्हते.

सेक्रेटरी ओशाळून पुन्हा कडेवर टेकले होते. मुलगी त्यांच्याजवळ गेली.

"उठा काका. असं नसतं ते."

ती खुर्चीत बसली. मागे रेलून, ऐसपैस, पाय पुढे टाकून. पायात माळ्यावरून काढलेली चप्पल होती. मास्तरांनी ती पाहिली आणि चटकन तोंड स्टंपांकडे फिरवलं.

गोलंदाज धावत आला. चेंडू खाली राहिला.

"अहो, वाका!"

आवाज चहाच्या टेबलापलीकडे रस्त्यापर्यंत गेला. मास्तर वाकले. खरोखर वाकले, गुडघे कडकन वाजले, ग्लव्हज गवताला टेकले. चेंडू ग्लव्हजच्या टोकाला लागला, किंचित वळला आणि पायांमधून निसटला.

मुलीने तो चपलेने अडवला.

मास्तर सावकाश सरळ झाले. वळले. कमरेवर हात ठेवले. मैदानावरचे दोन्ही संघ आपोआप थांबले.

"वाकलोच होतो!"

मुलीने तोंड उघडलं, पण तिला आवाज फुटेना. तिच्या मागून, चहाच्या टेबलापासून, स्लिपमधून, बॅट टेकून उभ्या असलेल्या बेकरीवाल्याकडून आणि सगळ्यांत मोठ्याने, 'कृपया' न म्हणता, सेक्रेटरींकडून उत्तर आलं,

"कुठे वाकलात!"

मास्तरांनी मान हलवली, ग्लव्हज एकमेकांवर आपटले आणि गोलंदाजाला पुढचा चेंडू टाकायची खूण केली.