बारकूसाठी ठेवलेली बाटली

मी एक जुनी टकिलाची बाटली आहे. मित्रांनो, लगेच नाकं मुरडू नका! चारचौघांत गोष्ट सांगावी असं माझं कूळ नव्हे, ठाऊक आहे मला. पण पोटात तरी किती दिवस ठेवायचं?

माझा जन्म मेक्सिकोतला. तुमच्याकडे बांधावर घायपात असतो ना, त्याच जातीच्या झाडाचा गड्डा विटांच्या भट्टीत सावकाश भाजला, दगडी चाकाखाली चिरडला, रस आंबवला, त्याची दारू गाळली आणि ती लाकडी पिंपात मुरत ठेवली. तिथे माझा तिखटपणा गेला, अंगावर मधाचा रंग चढला.

१९९८ साली महेशने कंपनीच्या कामावरून परतताना मला नाशिकला आणलं, वडिलांसाठी. वडील म्हणजे हिरामण. मूळचा पेठ तालुक्यातल्या गावचा, नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला. बायको ललिता देवाघरी गेलेली. महेशही पुढे पुण्याला गेला.

हिरामणने मला उजेडात धरलं आणि म्हणाला, "बारकू आला की उघडू."

बारकू त्याचा गावाकडचा जिवलग. तरुणपणी दोघं एकाच द्रोणातून मोहाची प्यायचे, पहिली धार मात्र धरतरीला, भुईवर सोडायची.

झालं! माझी रवानगी शोकेसमध्ये, प्लास्टिकच्या गुलाबांशेजारी. "वा, फॉरेनची!" म्हणत पाहुणे कौतुक करायचे. कुणी हात लावला की हिरामण खेकसायचा, "बारकूला येऊ दे!" पुढे पाहुणेही आटले. संध्याकाळी खुर्चीत तो आणि काचेआड मी, एकमेकांकडे बघत बसायचो. लोकांना वाटतं, मी बाटलीतही मुरत असते. कसलं काय! दारू मुरते लाकडात. काचेत ती नुसती वाट बघते. मला फार एकटं वाटायचं, आणि त्यालाही.

अखेर २००६ साली नातीला दवाखान्यात दाखवून बारकू दारात उभा राहिला. हिरामणने मला काढलं आणि त्याची नजर बारकूच्या गळ्यावर गेली. तुळशीची माळ!

"सोडली रं समदी," बारकू ओशाळला.

"आरं, तुझ्यासाठीच ठेवली व्हती! किती वाट बघितली!"

"मंग निरोप का नाय धाडला? मला वाटलं, हिरामण शेरातला झाला, आता त्याला आपली लाज वाटती."

पेठ ते नाशिक, एका एस.टी.चा तर रस्ता!

"उघड आता," बारकूच म्हणाला. "आधी धरतरीला."

तिसऱ्या मजल्यावर कुठली धरतरी? गॅलरीतल्या कुंडीत हिरामणने धार सोडली. मग एक घोट जिभेवर घोळवला.

"कशी हाय?"

"लय मऊ. भाजल्या कंदावानी गोड, अन् मागनं लाकूड."

बारकूने पेला नुसता नाकाशी धरला, डोळे मिटले. "बास. माझं झालं." आणि तो नातीला घेऊन शेवटच्या गाडीने गेला. हिरामणने दुसरा घोट घेतलाच नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, असं सगळेच सांगतात. मी नाही सांगणार. मला जपलं तेवढं पुरे झालं. कुणासाठी काही राखून ठेवलं असेल, तर आधी त्याला निरोप धाडा.